अर्धं पाणी, अर्धी भिंत

९ फेब्रुवारी

प्रिय बेडके,

पेटी काल दुपारी पोचली. दुकानात दोन गिऱ्हाइकं पासपोर्टच्या फोटोसाठी बसली होती, त्यांना तसंच ताटकळत ठेवून मी आधी पेटी उघडली. मला वाटलं, नेहमीसारखं दुरुस्तीला काहीतरी पाठवलं असशील. कुठल्यातरी रबरी कडीतून पाणी शिरलं असेल, नाहीतर एखाद्या लेन्सला बुरशी धरली असेल. पण आत बघतो तर सगळंच. दोन्ही कॅमेरे, वाइड लेन्स, बाबांचा मॅक्रो, आणि पाण्याखाली कॅमेऱ्यावर चढवायचं ते तुझं ॲल्युमिनियमचं हाउसिंग, ज्याला तुझी वहिनी कुकर म्हणते. सगळं धुतलेलं, पुसलेलं, फडक्यात गुंडाळलेलं. एकही वस्तू मोडलेली नाही. चिठ्ठीत एवढंच, की आता हे तुझ्याकडे असू दे.

खरं सांगू? मी खुर्चीत बसलोच. मग वहिनीला हाक मारून म्हणालो, आपली बेडकी एकदाची पाण्याबाहेर आली. तिला आधी पटेना, पण पेटी बघितल्यावर पटलं. आई जाईपर्यंत दर फोनला एकच विचारायची, ती अजून बुडते का रे, म्हणून. आज असती तर तिला शांत झोप लागली असती.

तुला वाईट वाटत असणार, हे कळतं मला. इतकी वर्षं जे केलं ते सोडायचं म्हणजे सोपं नाही. पण तू योग्य तेच केलंस. आता पुढचं ऐक. वरची खोली मी रंगवून घेतो. दुकानात तुझ्यासाठी वेगळं टेबल टाकू. लहान मुलांचे फोटो तू माझ्यापेक्षा चांगले काढतेस, रडणारं पोरसुद्धा तुझ्याकडे बघून तोंड मिटतं. बाबांनी दुकानाच्या पाटीवर दोघांसाठी जागा ठेवली होती, ती इतके दिवस मी एकटाच अडवून बसलोय.

तुझा फोन लागत नाही, म्हणून पत्र. कधी येतेस ते कळव.

तुझा,
दादा


१६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

फोन मी मुद्दाम बंद ठेवलाय. फोनवर तू बोलतोस आणि मी नुसती हुं हुं करते. पत्रात निदान मला मध्येच तोडता येणार नाही तुला.

वरची खोली रंगवायला घेतली असशील तर थांबव. मी पाण्याबाहेर आलेले नाही आणि येणारही नाही. मी फक्त कॅमेरा बदललाय. नुसता कॅमेराही नाही, अख्खी सिस्टीम. लेन्स, फ्लॅश, हाउसिंग, सगळं. हे चिठ्ठीत लिहायला हवं होतं, पण लिहिलं असतं तर पेटी उघडायच्या आधीच तू इथे येऊन धडकला असतास.

नवा कॅमेरा आरशाशिवायचा आहे, तळहातात मावेल एवढा. त्याचं हाउसिंग जुन्याच्या निम्म्याहूनही लहान आहे. मी ते खांद्याला अडकवून घरातून चालत निघते, कुणाची मदत लागत नाही. सकाळी पाण्यात असते, दुपारी तोच कॅमेरा हाउसिंगमधून काढून मासळीच्या लिलावात फिरते. परवा लिलावातल्या बायकांचे फोटो काढले, तेव्हा माझ्या केसांतून पाणी ठिबकत होतं आणि त्या मलाच हसत होत्या. जुन्या कुकरची झाकणं उघडेपर्यंत लिलाव संपून जायचा.

आणि आत्ताच बदलला, कारण आत्ताच काम आहे. बंदराची भिंत लांबवायचं बंदर मंडळाच्या मनात आहे. त्यासाठी खणलेला गाळ आणि दगड ते भिंतीच्या आतल्या उथळ पाण्यात टाकणार आहेत. त्यांच्या अहवालात लिहिलंय, की तिथे चिखलाशिवाय काही नाही. दादा, तिथे समुद्रगवताचं कुरण आहे. वाऱ्यावर शेत हलावं तसं ते हलतं. त्यात समुद्रघोडे शेपटीनं गवताला धरून बसतात, पाकटाची पिल्लं वाळूत अंग पुरून डोळे तेवढे बाहेर ठेवतात, माकुलं अंडी चिकटवून जातात. एप्रिलमध्ये सुनावणी आहे आणि मी तिथे जाऊन बोलणार आहे. बोलायला हातात फोटो हवेत.

बाबांचा मॅक्रो नव्या कॅमेऱ्याला बसत नाही. त्याचं मला तुझ्याइतकंच वाईट वाटतं. पण तो कपाटात राहिला तरी बाबांचाच राहील. मला कामाला लेन्स हवा, आठवणीला नको.

वहिनीला सांग, कुकरचा हवा तर खरंच कुकर करून टाक.

बेडकी


२२ फेब्रुवारी

बेडके,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा चहा गार झाला.

तू कॅमेरा बदललास, यात मला विचारायचं काहीच नव्हतं का? बाबांनी एक घर धरलं होतं. म्हणजे आपल्या घरात एकच कंपनी, लेन्स बसवायचा एकच माउंट. का? तर तुझा लेन्स मला चालावा आणि माझा तुला. माझा लांब पल्ल्याचा लेन्स तू पक्ष्यांसाठी चार महिने ठेवून घेतलास, मी कधी मागितला? तुझा वाइड मी लग्नांमध्ये वापरला. आपल्या दोघांमध्ये आता बोलण्यापेक्षा लेन्सच जास्त ये-जा करत होते. तेही तू बंद केलंस. वर लिहितेस, नुसता कॅमेरा बदललाय.

आणि या नव्या खेळण्यात बघायचं काय असतं? मी दुकानात आलेला एक हातात घेऊन बघितला. डोळा लावला की आत टीव्ही दिसतो. समोरचा खरा उजेड दिसतच नाही, मशीनला जे वाटलं ते दिसतं. बॅटरी तर पोरांच्या खाऊसारखी संपते.

आता कामाचं बोलतो. तुझे पाण्याखालचे फोटो बघून मंडळाचा माणूस पहिलाच प्रश्न विचारेल, की हे गवत त्याच जागेचं कशावरून? समुद्राच्या तळाला पाटी नसते. तुला अर्धं पाण्याखाली आणि अर्धं पाण्यावर असं एकाच चौकटीत घ्यावं लागेल, खाली गवत, वर त्यांची भिंत. त्याला पुढे मोठा काचेचा घुमट लागतो. लहान घुमटावर पाण्याची रेघ जाड दोरखंडासारखी येते आणि जरा लाट आली की सगळं वाया. तुझा मोठा घुमट इथे माझ्या टेबलावर पडलाय आणि तो तुझ्या खेळण्याला बसणार नाही. शाबास.

हे सगळं कुणाच्या सांगण्यावरून केलंस? तुला नव्या वस्तूंची हौस कधीच नव्हती. शाळेतलं दप्तर तू कॉलेजात नेलंस.

दादा


३ मार्च

दादा,

कुणाच्याही सांगण्यावरून नाही. मी कुणाचं ऐकते का, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

सोबत एक प्रिंट पाठवतेय. तुझ्या टीव्हीवाल्या खेळण्यातून काढलाय. समुद्रघोड्याच्या पोटावरचे ठिपके बघ. तो नर आहे आणि त्याच्या पिशवीत पिल्लं आहेत. जुन्या कॅमेऱ्यात मला मास्क काचेला दाबून अंदाजानं फोकस धरावा लागायचा. इथे पडद्यावर त्याच्या डोळ्याची कडा दिसते. खरा उजेड नसेल दिसत, समुद्रघोडा मात्र खरा दिसतो.

मंडळाच्या इंजिनिअरला भेटून आले. चांगल्या घरचा, मऊ बोलणारा माणूस. त्याच्या खोलीत भिंतीचा छोटा नमुना ठेवलाय, त्यावर बोटभर उंचीची माणसं उभी केली आहेत. मी फोटो पुढे ठेवले. त्यानं कौतुक केलं आणि अगदी तू म्हणालास तेच म्हणाला, की बाई, हे कुठल्याही समुद्रातलं असू शकतं. मी म्हटलं, तुम्ही माझ्याबरोबर चला, बुडवून दाखवते. त्याला सर्दी होती म्हणे.

म्हणून अर्धं-अर्धं चित्र घेणारच. घुमट लहान आहे तर लहानच घेऊन जाईन. पाणी आरशासारखं असतं अशी एखादी सकाळ मिळते. नाही मिळाली तर पुन्हा जाईन.

लेन्स ये-जा करत होते, हे तू लिहिलंस ते लागलं मला. पण लेन्स बंद झाले म्हणून तू बघ पत्रं लिहायला लागलास.

बेडकी


८ मार्च

बेडके,

समुद्रघोडा उत्तम आहे. पण मी खाली वाळूकडे बघतोय. ऊन तुझ्या पाठीमागून येतंय आणि वाळूवर तुझी सावली पडलीय. त्या सावलीत डाव्या हातात कॅमेरा आहे. फोटो काढायचा चाप डावीकडे मी कुठल्याच कॅमेऱ्याला बघितलेला नाही.

तुझा उजवा हात कुठे आहे?

दादा


१३ मार्च

दादा,

मला वाटलं होतं तू ठिपके बघशील. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चेहऱ्यावरच्या सावल्या काढत आलास, त्याचा मला विसर पडला.

उजवा हात पट्ट्याला अडकवलेला आहे, कारण मोकळा सोडला तर तो गवताला लागतो आणि मला कळत नाही. कोपरातली नस दबली होती. पावसाळ्यात ऑपरेशन झालं. तेव्हा मी तुला लिहिलं होतं, की मैत्रिणीकडे राहायला चाललेय. मैत्रिणीकडेच होते, फक्त मधले काही दिवस हॉस्पिटलात. करंगळी आणि शेजारचं बोट आता वाकलेलं असतं, अंगठ्यात जोर नाही. बटण लावायला वेळ लागतो. जुन्या हाउसिंगचे सगळे खटके उजवीकडे आहेत आणि ते दाबायला अंगठा लागतो. शेवटच्या वेळी मी खाली गेले, समोर पाकट उभ्याचं उभं आलं आणि माझ्याच्यानं खटका दाबला गेला नाही. ते माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. वर आले तर नावेत कुकर उचलून घ्यायलाही हात नव्हता. त्या दिवशी मी पेटी भरली.

नव्या हाउसिंगला गल्लीतल्या लेथवाल्याकडून डाव्या बाजूला लांब दांडा बसवून घेतला. दांडा ओढला की फोटो निघतो. पहिल्या आठवड्यात नुसते माझ्याच पायांचे निघाले.

डॉक्टर म्हणाली, डायव्हिंग सोडलंत तर उत्तम. मी विचारलं, उत्तम की आवश्यक? ती म्हणाली, उत्तम. मग मी म्हटलं, उत्तम गोष्टी मी आधीही फारशा केलेल्या नाहीत.

तुला सांगितलं नाही, कारण तू काय करशील ते मला माहीत होतं. तू खोली रंगवायला काढली असतीस. बघ, न सांगताच काढलीस. माझा एक हात गेलाय, दादा. त्याच्याबरोबर मी समुद्रही देऊन टाकावा, असं मला कुणी समजुतीच्या सुरात सांगितलेलं नको होतं. तुझ्याकडून तर मुळीच नको होतं.

मी एकटी जात नाही. दातवाली बरोबर असते. इथली दातांची डॉक्टर आहे, सुट्टीच्या दिवशी लोकांची तोंडं बघून कंटाळते आणि माशांची बघायला येते. जातो त्या कप्तानाच्या नावेनं. तो तुला माहीतच आहे, मागे आलास तेव्हा ज्यानं तुला उलटीसाठी बादली दिली होती तो.

आता सगळं कळलं तुला. काळजी कर, पण तिथे बसून कर.

बेडकी


२७ मार्च

दादा,

माझ्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. का नाही, ते मला शनिवारी धक्क्यावर कळलं.

मी आणि दातवाली सामान घेऊन गेलो. कप्तान नाव धुवत होता, माझ्याकडे बघेना. मी हवेच्या टाक्या आत ठेवायला गेले तर त्यानं पाय आडवा घातला. म्हणाला, ताई, तुमच्या भावाचा फोन आला होता, हात अधू आहे म्हणाले, मी तुम्हाला नेऊ शकत नाही. नावेत नवशिक्यांचा घोळका बसला होता, विशी-पंचविशीची मुलं. त्यातल्या निम्म्यांना मीच पाण्यात श्वास घ्यायला शिकवलंय. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. ज्या हाताचं मी महिनोन्‌महिने कुणाला कळू दिलं नाही, तो तू एका फोनवर धक्क्यावर मांडून ठेवलास.

मी कप्तानाला काही बोलले नाही. त्याच्या नावेची जबाबदारी त्याची. पण तुला बोलतेय. मला सांभाळायचं तू आईला वचन दिलं होतंस वगैरे मला ऐकायचं नाही. आईला वचन तू दिलंस, मी नाही. मी अजाण पोर नाही. माझ्या नावेवर तू बंदी घालावीस इतकी मी कधीच तुझी नव्हते. तुझी बहीण आहे, तुझ्या दुकानातलं सामान नाही.

पाण्याची तीच सकाळ होती. वारा नव्हता, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पाणी तेलासारखं पडलं होतं. दातवालीनं विचारलं, आता? मी म्हटलं, आता पायऱ्यांवरून.

भिंतीच्या मुळाशी जुन्या दगडी पायऱ्या आहेत, शेवाळ्यानं हिरव्या झालेल्या. तिथून आजवर कुणी डायव्हर उतरलेला नाही, कारण जुनं सामान घेऊन त्यांवरून उतरणं म्हणजे कपाळमोक्ष. कुकर असता तर मीही घरी परतले असते. हे खेळणं मी गळ्यात अडकवलं, बसून एकेक पायरी घसरत उतरले आणि दातवालीनं मागून टाकी धरली. कुरण तिथून जवळच निघालं. नावेनं जाताना आम्ही उगाचच लांबून वळसा घालत होतो.

कमरेच्या वर पाणी असेल तिथे उभी राहिले. घुमट अर्धा बुडवला. तू म्हणालास तशी रेघ जाड येत होती, पुन्हा पुन्हा. चित्रामागून चित्र वाया गेलं. मग मी हलायचंच सोडून दिलं. श्वास धरला, उजवं कोपर पोटाशी दाबून त्यावर कॅमेरा टेकवला. त्या हातात जोर नाही, पण तो हलतही नाही. आणि पाणी काचेला पातळ चिकटलं. खाली गवत, त्यात तो समुद्रघोडा, गवताला धरून. वर मंडळाची भिंत, भिंतीवर त्यांची पिवळी क्रेन आणि क्रेनवर काळ्या अक्षरांत लिहिलेला त्यांचाच क्रमांक. सगळं एका चौकटीत.

मला तुझी परवानगी नको होती. नावही नको होती, हे मला तुझ्यामुळे कळलं. त्याबद्दल आभार मानणार नाही.

सुनावणी झाल्याशिवाय मला लिहू नकोस. फोन तर नकोच.

(सही नाही.)


२० एप्रिल

बेडके,

सुनावणी झाल्याशिवाय लिहू नकोस म्हणालीस, लिहिलं नाही. येऊ नकोस असं म्हणाली नव्हतीस, म्हणून आलो.

सर्वांत मागे, खांबाच्या आड बसलो होतो. सभागृह भरलं होतं. माझ्या शेजारी मासळीवाल्या बायका बसल्या होत्या, तुझ्या लिलावातल्या. त्यांना वाटलं मी मंडळाचा माणूस आहे, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. त्या दिवशी मला तेच बरं वाटलं.

तुझं नाव पुकारलं. तू गेलीस, निळा सदरा, वरचं बटण लागलेलं नव्हतं. खरं सांगेन अशी शपथ घ्यायला हात वर करायचा होता. तू डावा केलास. टेबलामागचे चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, कृपया उजवा हात. मला वाटलं आता तू कारण सांगशील, दुखण्याचं, ऑपरेशनचं, आणि सगळे चुकचुकतील. मी खांब धरला.

तू म्हणालीस, "ज्या हातानं मी काम करते, तो वर केलाय. खरं तोच सांगेल."

ते गृहस्थ मान हलवून म्हणाले, चालेल.

मी घरी येऊन वहिनीला हे सांगायला गेलो आणि मला पुरतं सांगता आलं नाही. तिनं पाणी आणून दिलं.

नंतर तो फोटो पडद्यावर आला. बाकीचे काय बघत होते कोण जाणे. मी पाण्याची रेघ बघत होतो. केसासारखी आहे. लहान घुमटातून अशी रेघ येत नाही, असं मी तुला लिहिलं होतं आणि अजूनही मला ती कशी आली ते कळत नाही. इंजिनिअर उभा राहून क्रेनचा क्रमांक वाचायला लागला आणि मध्येच थांबला, तेव्हा मासळीवाल्या बायकांपैकी एक मोठ्यानं म्हणाली, वाचा की पुढे. अध्यक्षांनी तिला गप्प बसवलं. माझ्या मनात होतं ते तीच बोलून गेली.

निकाल तुला ठाऊकच आहे. भिंत होणार, पण गाळ आणि दगड कुरणावर टाकायचे नाहीत, दुसरीकडे न्यायचे. अर्धी जीत म्हणतील लोक. तू बाहेर पडताना मी तुझा चेहरा पाहिला. तो अर्ध्या जितीचा नव्हता. तुला हाक मारायचं धाडस झालं नाही. बस पकडून परत आलो.

कप्तानाला परवा फोन केला. सांगितलं, मी चुकलो, तिला ने. तो म्हणाला, त्या आता माझ्याकडे येतच नाहीत, पायऱ्यांवरून जातात, आणि नवशिकी मुलंही आता त्यांच्यामागे तिकडेच चालली आहेत, माझं नुकसान केलंत तुम्ही. म्हणजे माझ्या परवानगीला विचारतंय कोण.

धक्क्यावर मुलांसमोर जे झालं, त्याची भरपाई मला करता येणार नाही. करायचा आवही आणत नाही. पण तू त्या शेवाळ्यावरून बसून घसरत उतरतेस, हे वाचल्यापासून माझं दुकानात लक्ष लागत नाही. दातवालीला मागे टाकी धरावी लागते, म्हणजे कॅमेरा खाली हातात द्यायला तिसरं माणूस हवं. मला पोहता येत नाही, हे तुला माहीत आहे. पायरीवर उभं राहता येतं.

दुकान दोन आठवडे बंद ठेवू शकतो. येऊ का? विचारतोय. आधी कधी विचारलं नव्हतं.

दादा


२६ एप्रिल

दादा,

निळ्या सदऱ्याचं वरचं बटण मी तसंच सोडलं होतं. प्रयत्न करून पाहिला, उशीर होत होता, म्हटलं राहू दे उघडं.

खांबाआड तू बसला होतास, हे मला बायकांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. मंडळाचा एक माणूस माझ्या वेळी डोळे पुसत होता म्हणे. मी वर्णन विचारलं आणि ओळखलं. त्यांना मी अजून खरं सांगितलेलं नाही, तू आलास की तूच सांग आणि काय व्हायचं ते होऊ दे.

माझा राग गेलेला नाही. पत्रानं जाईल असं वाटतही नाही. तो असतानाच ये. रबरी तळव्याचे बूट आण, चामड्याचे नकोत. वहिनीला जमत असेल तर तिलाही आण, ती तुझ्यापेक्षा कमी बोलते.

तिसऱ्या पायरीवर उभं राहायचं. कॅमेरा डाव्या हातात द्यायचा. मी घसरले तरी ओरडायचं नाही. आणि मी पाण्यात शिरताना, दादा, एकदाही 'सांभाळून' म्हणायचं नाही.

बेडकी